घडीचा टप आणि कांचेचें कौल

कोंकणांतील जुन्या घराच्या माजघरांत भरदुपारींहि काळोख असतो. त्यावर आपल्या वाडवडिलांनीं एक सोपा उपाय योजिला आहे. छपरावरील एक कौल उतरवावें व त्या जागीं कांचेचें कौल बसवावें. उजेड नकोसा झाला किंवा कांच फुटली, तर जुनें कौल पुन्हां जागेवर जातें. घराचें कांहीं बिघडत नाहीं. गेल्या वैशाखांत आमच्या खेडच्या घरीं एका निराळ्याच छपराला भोक पाडण्याचा बेत निघाला, तेव्हां मला या कौलाची फार आठवण झाली.

गोष्ट आमच्या मोटारीची आहे. वडिलांनीं १९६७ सालीं घेतलेली ही फियाट ११००, वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून आलेली. हिचाच पुढला अवतार ‘पद्मिनी’ या नांवानें घरोघर पोंचला. वडील गेले, भावांचे संसार मुंबई-पुण्यास थाटले गेले; परंतु गाडी सर्वांची म्हणून येथेंच राहिली. उन्हाळ्यांत सारे एकत्र जमले म्हणजे आईला तींत बसवून भरण्याच्या काळकाईच्या दर्शनास न्यावयाचें, हा घरचा नेम.

यंदां परतीच्या वाटेवर आई म्हणाली, “या पेटींत माझा जीव गुदमरतो रे आतां. पुढल्या खेपेस मी नाहीं यायची.” आम्ही सारे गप्प झालों. चौऱ्यायशीं वर्षांच्या माणसाच्या तोंडचें हें वाक्य केवळ गाडीपुरतें नसतें.

दुसऱ्या दिवशीं धाकट्या बंधूंच्या चिरंजीवानें तोड सुचविली. तो पुण्यास यंत्रशास्त्र शिकतो. “काका, छताला घडीचा कापडी टप बसवूं. आजीच्या डोक्यावर मोकळें आकाश येईल.” मुलाचा बेत अगदींच हवेंतला नव्हता. १९४८ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलेल्या सिट्रोएनच्या २सीव्ही गाडीला गुंडाळतां येणारें कापडी छप्परच होतें, आणि १९५७ च्या चिमुकल्या फियाट ५०० चा टपहि कापडाचाच होता. अशा छपरानें पोलाद वांचतें, वजन घटतें व वाराहि मिळतो. मात्र त्या गाड्या जन्मतःच तशा घडविलेल्या होत्या. आमच्या गाडीचें छप्पर मागाहून कापावें लागणार होतें. हा भेद लहान नव्हे.

तरीहि मुलाचा उत्साह मोडूं नये म्हणून गांवांतील एका वृद्ध पत्रेकाम करणाऱ्या मिस्त्रींना बोलाविलें. त्यांनीं आधीं आंतलें अस्तर सोडविलें व पत्र्याखालच्या आडव्या कमानी बोटांनीं चांचपल्या. मग ओटीवर बसून कामाची सारी रीत समजावून दिली. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापावयाचा. पुढच्या कांचेवरील पट्टा व दोन्ही बाजूंचे कांठ यांना हात लावावयाचा नाहीं. खुणेच्या आंतून पत्रा कापून कडा दुमडावयाची, कमानी तुटल्यामुळें गेलेला जोर भरून काढण्यासाठीं भोंवतीं पोलादी चौकट जोडावयाची, व तिच्याभोंवतीं पन्हळ फिरवून चारी कोंपऱ्यांतून रबरी नळ्या खांबांतून खालीं सोडावयाच्या. मग रबराचा थर दिलेलें दुहेरी कापड आडव्या काठ्यांवर ताणावयाचें आणि पुढच्या दांडीला कड्या बसवावयाच्या.

हें ऐकतां ऐकतां पुतण्याचे डोळे चमकूं लागले. परंतु मिस्त्री पुढें म्हणाले, “आपल्याकडे पाऊस चार महिने. कापड ओलें असतांना घडी केली कीं बुरशी धरते. नळी पानानें तुंबली कीं पाणी खांबांत सांचतें आणि गंज आंतून खातो, तो दिसतहि नाहीं. शिवाय या गाडीला खालीं वेगळा सांगाडा नाहीं. छप्पर, खांब, तळ मिळूनच तिचा जोर. कापायला अर्धा दिवस पुरे, भाऊ. पण कापलेलें छप्पर परत मागूं नका.”

रात्रीं पुतण्यानेंच कायद्याचा शोध घेतला. २०२१ सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या सुधारणेनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वारसा-वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळूं लागली. परंतु गाडी मूळ स्वरूपांत हवी, तिच्या सांगाड्यांत, कायेंत वा इंजिनांत फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे एका करवतीनें पत्र्याबरोबर हा मानहि कापला गेला असता. त्यानें कागद बाजूला ठेविला व खिन्नपणें विचारलें, “मग आजीचें काय, काका?”

हा प्रश्न मात्र खरा होता. “कापूं नका” एवढें सांगून आमची जबाबदारी संपत नव्हती. उत्तर मिस्त्रींनींच सकाळीं दिलें. पुढल्या दारांच्या कांचेजवळ जी लहान त्रिकोणी झडप असते, ती फिरविली कीं बाहेरचा वारा वळून थेट बसणाऱ्याच्या अंगावर येतो. आमच्या दोन्ही झडपा कित्येक वर्षें गंजून चिकटल्या होत्या, आणि मानाची जागा म्हणून आईला आम्ही नेहमीं मागें बसवीत होतों! पुतण्यानें दोन दिवस तेल घालून, घांसून त्या मोकळ्या केल्या व नवें रबर बसविलें. सोडविलेलें अस्तर वहिनींनीं पुन्हां शिवून दिलें.

तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं आईला पुढें बसविलें. जगबुडीच्या पुलावर येतांच तिच्या पांढऱ्या केसांच्या बटा उडूं लागल्या. ती कांहीं बोलली नाहीं, घरीं उतरतांना मात्र नातवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “नवरात्रांत काळकाईला हीच गाडी काढ हो.”

सामाईक वस्तूला नवें रूप देण्याची हौस घरांतील तरुणांना असावीच; ती नसेल तर वस्तु धूळ खात पडते. वडीलधाऱ्यांनीं त्यांना एवढेंच विचारावें कीं, उतरविलेलें कौल उद्यां पुन्हां बसवितां येईल ना? येत असेल तर खुशाल उतरवावें. येत नसेल, तर हत्यार उचलण्यापूर्वीं घरांतील मिटलेल्या झडपा एकदां उघडून पाहाव्या.