वेदनेला गुरुपद?

दुःखावाचून कला नाही, हे वचन आमच्या टीकाकारांच्या जिभेवर इतके रुळले आहे की, मेक्सिकोच्या फ्रीदा कालोचे नाव निघताच ते तिच्या अपघातालाच गुरुपद बहाल करतात! बालपणी पोलिओ, १९२५ साली बस-ट्रामच्या टकरीत मोडलेला कणा, १९५३ साली कापलेला पाय, हे सारे खरे. परंतु त्या बसमध्ये इतरही जखमी झाले; त्यांतून दुसरी फ्रीदा का निपजली नाही? छायाचित्रकार पित्याच्या सहवासात लाभलेली दृष्टी, निजल्यानिजल्या रंगविता यावे म्हणून आईने करवून घेतलेली फळी, वर टांगलेला आरसा आणि अखंड परिश्रम यांनी ती घडली. दुखण्याने विषय पुरविला, कला नव्हे. ‘भग्न स्तंभ’ (१९४४) हे चित्र मोडक्या कण्याने नव्हे, कसलेल्या हाताने रंगविले आहे. त्याचे श्रेय व्याधीला देणे ही कर्तृत्वाची चोरीच होय!