जोडीचा बैल
आमच्या घरी एक म्हातारा संगणक आहे. त्याचा प्रोसेसर इंटेलचा 'क्यू 6600', जन्म 2007 चा. आमच्या चिरंजिवांना त्याचे वार्धक्य बघवेना. तो ज्या बसच्या ठोक्यावर चालतो, ती त्यांनी 266 मेगाहर्ट्झवरून 333 वर नेली. गुणक 9 चा ठरलेला, 2.4 चे झाले 3 गिगाहर्ट्झ. तेही पै न खर्चता! सौ.ने पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

तिसऱ्या दिवशी, आईच्या जात्यावरच्या ओव्या मी टंकीत असताना पडदा निळा पडला.

"बाबा, नागपूरचा मे महिना, दुसरं काय!" पंखा पुसला, सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली. तापमान उतरले, निळा पडदा कायम. प्रोसेसरचा विजेचा दाब चिमूटभर वाढविला. व्यर्थ. आणि एका सकाळी ओव्यांच्या फायलीत नुसते चौकोन. आई आता नाही. त्या पुन्हा कोण सांगणार?

त्या रात्री पोराला बसवून मेमटेस्ट लावायला लावली. लाल ओळींचा पाऊस! बसशी बांधलेली 800 ची रॅम तिच्यामागे 1000 वर फरफटत होती. शंकरपटात एका बैलाला पराणी टोचावी नि जोडीच्याने धापा टाकाव्यात, तसे. दोहोंचे प्रमाण एकास एक केले, रॅम 667 वर आली. रात्रभर एकही चूक नाही.

तरी मी वेग 2.4 वरच आणवला. चिरंजीव रुसले. अकरा ओव्या गेल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत वर्ध्याच्या मावशीकडे जाणार आहे. तिला आठवतात का, बघतो.