शाल, श्रीफळ आणि रात्रपाळी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांची पहिली माळ कडाडली, की इंदापूर तालुक्यातील आमच्या परिचयाचे एक निवृत्त हवालदार घर सोडतात आणि उसापलीकडे, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत दार लावून बसतात. घरची माणसे ताट झाकून ठेवतात. गाव म्हणते, "लष्करात राहून मती फिरली." याच गावाने त्यांना प्रजासत्ताकदिनी शाल-श्रीफळ दिले होते!

ही मती फिरणे नव्हे, हा आजार आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या रोगसूचीत त्याची आघातोत्तर ताणविकार म्हणून नोंद केली. आता त्यावर एक नवा उपाय सांगितला जातो. डोक्याशी तारेचे वेटोळे धरून चुंबकाच्या ठोक्यांनी मेंदू चेतवायचा. चिरफाड नाही, भूल नाही. इंग्लंडमधील शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ साली हे तंत्र दाखवले. अमेरिकेत २००८ साली खिन्नतेच्या आजारासाठी अशा यंत्राला परवानगी मिळाली.

या यंत्राचे नाव निघताच दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, "हा शॉकच!" ही भीती निराधार नाही. पहिल्या महायुद्धात लंडनच्या डॉक्टर येलंड यांनी वाचा गेलेल्या सैनिकांच्या घशाला विजेचे चटके दिले होते. पण तो छळ आणि हे यंत्र यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. येथे रुग्ण जागा असतो. डोके दुखते, क्वचित फेफरे येते. आणि डोक्यात लोखंडाची किरच राहिलेल्या जवानाला हे यंत्र वर्ज्यच.

दुसरा पक्ष म्हणतो, "यंत्र आणा, प्रश्न मिटला." आमचा खरा वाद आहे तो याच पक्षाशी. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून औषधांना दाद न देणाऱ्या खिन्नतेच्या १६४ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. खऱ्या यंत्राखाली बसलेल्यांपैकी शेकडा ४१ जण खिन्नतेतून बाहेर आले. खोट्या यंत्राखाली बसलेल्यांपैकी शेकडा ३७! आणि ताणविकारासाठी हा उपचार करावा वा करू नये, असे सांगण्याइतका पुरावा नाही, असे तेथील लष्कर व माजी सैनिक खात्याच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेने नमूद केले. तिचा पहिला कौल आहे तो आघाताविषयी रुग्णाशी पद्धतशीर बोलण्याच्या उपचाराला.

यंत्र टाकाऊ आहे, असा याचा अर्थ लावणे उतावीळपणाचे होईल. पण खोट्या यंत्राखालीही माणसे सावरली, ती कशाने? रोज कोणी वाट पाहते, नावाने हाक मारते, झोप लागली का विचारते, याचा त्यात मोठा वाटा असावा, असे आम्ही मानतो. आणि नेमके हेच आम्ही आमच्या जवानाला नाकारले आहे. निवृत्तीनंतर त्याला आम्ही काय देतो? रात्रपाळीचा पहारा! ज्याची झोप युद्धाने नेली, त्याची उरलेली झोप आम्ही पगार देऊन विकत घेतो.

शिवाय हा उपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे चालतो. इंदापूरहून पुणे सुमारे १४० किलोमीटर. बागाइतीला पाणी द्यायचे सोडून तिकडे रोज कोण जाणार? बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथे आठवड्यातला एक दिवस माजी सैनिकांसाठी राखा, त्यांचे ऐकून घेणारा जाणता माणूस बसवा. मग यंत्रही आणा, पण त्याचा खरा हिशेब रुग्णापुढे मांडून.

शाल खुशाल द्या. पण आधी त्यांची रात्रपाळी काढा; आणि या दिवाळीत त्या मोटारीच्या खोलीचे दार हळूच वाजवून एवढेच विचारा, "हवालदार, झोप लागते का?"