नव्वद दिवसांची मुदत

दुकानाचे भाडे थकले की मालक वकिलाकडे धाव घेतो आणि नोटीस हाती पडली की भाडेकरू हवालदिल होतो, हा आपल्या बाजारपेठांतील नित्याचा अनुभव आहे. दोघांनाही त्या कागदात रणशिंग ऐकू येते. वास्तविक कायद्याने या नोटिशीची जी योजना केली आहे तिचा हेतू नेमका उलट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या १५ व्या कलमान्वये, थकलेल्या भाड्याची लेखी मागणी पोचल्यापासून नव्वद दिवस उलटल्याखेरीज मालकाला त्या कारणासाठी ताब्याचा दावाच लावता येत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात ही मुदत अवघ्या एका महिन्याची होती. दावा लागला तरीही, समन्स पोचल्यापासून नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने सारी बाकी दरसाल दरशेकडा १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, निकालापर्यंतचे भाडे नियमाने भरले आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीपायी ताब्याचा हुकूमनामा होऊ शकत नाही. इतकी सवड देऊनही गाळे जातात, ते बहुधा गरिबीमुळे नव्हे, मौनामुळे जातात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाची खरी कसोटी संकटकाळी लागते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. टाळेबंदीने आधीच खंगलेल्या व्यापाऱ्यांचा माल चिखलात गेला. तुडीलसारख्या गावांना मोठ्या बाजारहाटासाठी महाडच गाठावे लागते. त्यामुळे तेथील दुकान बंद पडले की त्याची झळ केवळ दुकानदाराला बसत नाही. अशा वेळी भाडे आपोआप माफ होते काय? होत नाही, हे कटु असले तरी सांगितलेच पाहिजे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम पुराचा नावानिशी उल्लेख करते. पण मिळकतीचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तरच भाडेपट्टा रद्द समजण्याची मुभा ते भाडेकरूला देते. गाळ उपसून पुन्हा उघडता येणारे दुकान त्यात बसत नाही. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने करार अशक्य झाल्याचे तत्त्व भाडेपट्ट्याला लागू नसल्याचे ठरविले, आणि मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खान मार्केटमधील एका दुकानदाराची टाळेबंदीतील भाडेस्थगितीची मागणी नाकारली.

म्हणून सवलत हवी असेल तर ती मागून, आणि लेखी, घ्यावी लागते. ‘पूर ओसरेपर्यंत राहू द्या’ असे मालक ओट्यावर उभा राहून बोलला, त्याला वर्षभराने कोण साक्षी? मालकांनीही येथे सावध असावे. ५५ व्या कलमानुसार करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी त्यांची आहे. तो नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुद्रांकाचे चार पैसे वाचविणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

नोटीस कशी असावी? कोणत्या महिन्यांचे, किती दराने, किती भाडे येणे आहे, हे तीत आकड्यांत असावे. वादग्रस्त दुरुस्तीखर्च आणि जुने राग भाड्याच्या रकमेत मिसळून आकडा फुगविणारा मालक आपलाच दावा दुबळा करतो. आणि टपालवाल्याला ‘मालक बाहेरगावी’ म्हणून परतविणाऱ्या दुकानदाराने ध्यानात ठेवावे की, योग्य पत्त्यावर पाठविलेले नोंदणीकृत पत्र नाकारले तरी ते पोचल्याचेच न्यायालय सामान्यतः मानते. नव्वद दिवस तेव्हापासूनच मोजले जातात.

मात्र ही सवड सर्वत्र नाही. १९९९ चा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे. बँका आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या त्यातून वगळल्या आहेत. अनुसूचीबाहेरच्या गावी, करारात वेगळे काही नसेल तर, दुकानाची मासिक भाडेदारी पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपविता येते. महाड-पोलादपूरकडच्या खेड्यात गाळा घेणाऱ्या दुकानदाराने अनामत मोजण्यापूर्वी आपले गाव अनुसूचीत आहे की नाही ते पाहून घ्यावे, आणि पुराच्या काळातील भाड्याचे कलम करारात आधीच घालून घ्यावे.