शाल, श्रीफळ आणि रिकामे ताट

आमच्याकडे स्मृतिपुरस्कार कसा देतात, हे मला पुरते ठाऊक आहे. कारण तसल्या एका समितीवर मी स्वतः बसलो आहे. तालुक्यातील एका दिवंगत वादकाच्या नावे आम्ही पुरस्कार ठेवला. मांडव घातला, तसबिरीला हार घातला, अध्यक्षांनी तासभर भाषण ठोकले आणि क्लॅरिनेट वाजविणाऱ्या एका पोराच्या हाती शाल, श्रीफळ आणि पितळी स्मृतिचिन्ह दिले. मानपत्र मीच लिहिले होते. चार दिवसांनी पोरगा माझ्या दारात उभा! म्हणाला, "सर, हे चिन्ह कुणी विकत घेईल का हो? क्लॅरिनेट दुरुस्तीला टाकलंय, सोडवायला पैसे नाहीत." मानपत्रातली माझी सारी विशेषणे त्या क्षणी घशात अडकली.

ऐन दिवाळीत हे रडगाणे कशाला, असे कुणी म्हणेल. म्हणून एक परदेशची गोष्ट सांगतो. थिलोनियस मंक हा अमेरिकेतील जाझ संगीताचा थोर पियानोवादक आणि रचनाकार. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मद्य विकणाऱ्या क्लबात वाजवायला पोलिसांचे कार्ड लागे. १९५१ साली मादक पदार्थांच्या एका प्रकरणात मंकचे कार्ड गेले, ते १९५७ पर्यंत परत मिळाले नाही. एवढा मोठा कलावंत स्वतःच्याच शहरातील क्लबांना पारखा झाला. पत्नी नेलीच्या कमाईने संसाराला हात दिला. १९८२ साली तो वारला. १९८६ साली त्याच्या नावाने संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी तरुण वादकांची स्पर्धा सुरू झाली. १९९१ साली ती जोशुआ रेडमन या सॅक्सोफोनवादकाने जिंकली. गडी हार्वर्डचा पदवीधर, येलला कायदा शिकायला निघालेला. वकिली राहिली बाजूला, त्याच्या रेकॉर्ड निघाल्या आणि जगाला एक वादक मिळाला. २०१९ साली संस्थेवरचे मंकचे नाव जाऊन हर्बी हँकॉकचे आले. स्पर्धा मात्र पुढेही झाल्या. मंकला जे नाकारले गेले, ते काम त्याच्या नावाने दुसऱ्याला मिळाले. स्मारक म्हणतात ते याला!

"पण कलेत स्पर्धा कसली?" असे विचारणारे विद्वान आहेतच. त्यांचे म्हणणे मला निम्मे मान्य आहे. मंकचे अडखळते, तिरपे सूर ऐकून त्याला वाजवताच येत नाही, असे म्हणणारे टीकाकार त्या काळी होते. तो स्वतः स्पर्धेला बसता तर परीक्षकांनी त्याला पहिल्याच फेरीत घरी पाठविला असता, अशी मला दाट शंका आहे! म्हणून तर मी म्हणतो, पैसा एकट्या पहिल्या नंबरच्या डोक्यावर ओतू नका. धडपडणाऱ्या चौघांच्या वर्षभराच्या रियाजाला द्या.

आणि जाझ म्हणजे साहेबाची थेरं, म्हणून नाक मुरडू नका. 'अलबेला'च्या गाण्यांवर तुमच्या आजोबांनी ठेका धरला होता ना? १९५१ च्या त्या चित्रपटाला संगीत आपल्या सी. रामचंद्रांचे, आणि त्यांच्या साथीला होता मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जाझ गाजविणारा गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट. खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ. १९६७ साली तो गेला. त्या काळच्या तबकड्यांवर संगीतकाराचे नाव ठसठशीत असे. मागे वाजविणाऱ्या गोवेकरांची नावे क्वचितच दिसत. ज्यांना जिवंतपणी नाव मिळाले नाही, त्यांच्या नावाने पुरस्कार द्यायचा, तर त्यात निदान नव्या वादकाचे पोट आणि नाव दोन्ही राहील, एवढे तरी पाहाल की नाही?

आमच्या समितीच्या पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे: मांडव नको, मानपत्र तर नकोच नको. त्या पैशातून वाद्याची दुरुस्ती, गुरूची फी आणि मानधनाचे चार कार्यक्रम द्या. ठराव पडला तर मी समिती सोडीन.

वाचकहो, परवा भाऊबीज. बहीण ओवाळते, तेव्हा ताटात काही घातल्यावाचून तुम्ही पाटावरून उठता का? मग मेलेल्याच्या तसबिरीला ओवाळून घेणाऱ्या आम्हां समितीवाल्यांना एवढेच विचारा: ताट जिवंत पोराच्या हाती दिलेत खरे, पण त्यात घातलेत काय?