आधी कीड ओळखा, मग बाटलीचं बघू

मंडळी, आजचा विषय बग्जचाच आहे. फक्त कोडमधले नव्हेत, कुंडीतले. खरेखुरे, सहा पायांचे. (आणि काही आठ पायांचे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.)

२०२० च्या लॉकडाऊनपासून आमच्या पिढीला झाडांचं वेड लागलंय. मनी प्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली, खिडकीत तुळस आणि कढीपत्ता. मित्रांच्या ग्रुपवर अधूनमधून एक फोटो पडतो आणि खाली ओळ असते, "हे पांढरं काय आहे? काय मारू?" गंमत अशी की पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणीच देत नाही, दुसऱ्याची मात्र पाच मिनिटांत सहा उत्तरं येतात. हळद, ताक, दालचिनी, निंबोळी तेल, तंबाखूचं पाणी. आणि शेवटी कुणीतरी हमखास लिहितो, "गावाहून शेतीचं औषध आण रे, एका फवाऱ्यात साफ!"

या शेवटच्या वाक्यासाठी आजचा सगळा खटाटोप. माझं मत स्पष्ट आहे: शेतीचं कीटकनाशक घराच्या उंबऱ्याच्या आत येताच कामा नये. आणि कीड कुठली हे ओळखल्याशिवाय तर ताकसुद्धा मारू नये.

आपण लोक लॉग न वाचता प्रॉडक्शनवर पॅच टाकणाऱ्याला काय म्हणतो? कुंडीच्या बाबतीत आपण सगळे तेच करतो. खरं तर झाडाचा लॉग वाचणं फार अवघड नाही. घरात नेहमी येणारी मंडळी चार-पाचच.

पानाच्या बेचक्यात कापसाचे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे पाण्यातलं औषध वरून ओघळून जातं. म्हणजे फवारणी झाली, समाधान झालं, ढेकूण जागच्या जागी. कोवळ्या शेंड्यावर हिरव्या-काळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या किड्यांची गर्दी म्हणजे मावा. खोडाला चिकटलेले, नखाने खरवडले तर निघणारे तपकिरी ठिपके म्हणजे खवले कीड. हे तिघेही रस पितात आणि मागून चिकट गोड पाणी सोडतात. त्यावर मुंग्या येतात आणि काळी बुरशी धरते. आपण मुंग्या मारत बसतो. मुंगी हा अलर्ट आहे हो, एरर नव्हे!

पानावर बारीक फिकट ठिपके, मागे कोळिष्टकासारखं जाळं असेल तर पांढऱ्या कागदावर पान झटका. टिंब चालायला लागली की समजा लाल कोळी. हाच तो आठ पायांचा. तो कीटक नाहीच, कोळ्यांच्या कुळातला आहे, आणि त्यामुळे बरीच कीटकनाशकं त्याचं काही बिघडवत नाहीत. उलट त्याला खाणारे जीव मरतात आणि लाल कोळी दुप्पट जोमाने वाढतो. औषध मारून रोग वाढवायचा असेल तर हा खात्रीशीर उपाय. :)

राहिली ती कुंडीभोवती घोंघावणारी काळी चिलटं. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत, सडक्या पाल्यावर आणि बुरशीवर जगतात. म्हणजे बग किड्यात नाही, पाणी घालणाऱ्यात आहे. वरची दोन बोटं माती सुकू द्या, त्यांचा वंश आपोआप आटपतो.

आता आमचं पेण. शनिवारी घरी गेलो की मला एकाच आठवड्यात दोन हवामानं बघायला मिळतात. नवी मुंबईतल्या बंद, एसीच्या कोरड्या खोलीत लाल कोळी मजेत असतो. पेणला पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे कुंडी काय वाळणार? मग चिलटं. झाड तेच, आठवड्याचं पाणीही तेवढंच, पण कीड वेगळी आणि म्हणून उपायही वेगळा. शिवाय पेणला बाप्पाच्या मूर्ती घडतात आणि बाप्पाला जास्वंद लागते, त्यामुळे अंगणात, गॅलरीत जास्वंद असतेच. पिठ्या ढेकणाचं हे लाडकं झाड. शेजारच्या कुंडीत तुळस, पलीकडे गवती चहा. जास्वंदीवर मारलेलं औषध वाऱ्यासोबत तुळशीवर जातं आणि तुळशीची पानं आपल्या चहात. ही साखळी कुणी डोळ्यांसमोर आणतच नाही.

कीड ओळखण्याचा एवढा आग्रह का, यासाठी एक मोठं उदाहरण देतो. कसावा, म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो ते झाड. १९७० च्या दशकात आफ्रिकेत कसाव्यावर एक पिठ्या ढेकूण आला आणि लाखो लोकांचं रोजचं अन्न धोक्यात आलं. मूळ दक्षिण अमेरिकेतली कीड, म्हणून तिचा नैसर्गिक शत्रूही तिथेच शोधायला गेले. आधी सापडली ती दिसायला जवळजवळ तशीच, पण वेगळी जात. तिच्यावर वाढणारे शत्रू आफ्रिकेतल्या ढेकणावर चालेनात. १९८१ मध्ये पॅराग्वेत खरी जात सापडली आणि तिच्यासोबत एक चिमुकली गांधीलमाशीही, जी ढेकणाच्या अंगातच अंडी घालते. तिने आफ्रिकेतला प्रश्न आटोक्यात आणला. या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. पुढे हाच ढेकूण २०२० मध्ये केरळात सापडला, तेव्हा तीच गांधीलमाशी २०२१ मध्ये आफ्रिकेतल्या बेनिनहून आणली आणि २०२२ मध्ये तमिळनाडूत सोडली. ओळख चुकली तेव्हा उपायही फसला, आणि ओळख पटली तेव्हा काम एका माशीने केलं.

दुसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्राचं आणि जास्त कडू. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणं आणि तोंडाला फार तर रुमाल. ती माणसं उघड्या शेतात होती. आपण तीच जातीची औषधं दहा बाय बाराच्या खोलीत, खिडक्या लावून, पाळण्याशेजारी मारायच्या गोष्टी करतो. त्यांच्यापुढे वर्षाच्या कमाईचा प्रश्न होता. आपल्यापुढे दीडशे रुपयांचा मनी प्लांट आहे. त्यासाठी एवढी जोखीम?

त्यात हे औषध आपल्यापर्यंत येतं कसं? मोठ्या डब्यातून थोडं, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. म्हणजे लेबल गायब. लेबलवर रंगाचा चौकोन असतो: लाल म्हणजे अति जहाल विष, मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. विषबाधा झाली तर काय करायचं तेही तिथेच लिहिलेलं असतं. ते सगळं गावी राहतं आणि आपल्या किचनच्या ओट्याखाली येते ती पाण्यासारखी दिसणारी बाटली. घरात लहान मूल असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा.

आणि "मी तर नैसर्गिकच वापरतो" म्हणणाऱ्यांनो, तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन हेही विषच आहे आणि ते कातडीतून अंगात जातं. घरगुती म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

मग करायचं काय? कंटाळवाण्या गोष्टी. कीड दिसली की झाड बाकीच्यांपासून लांब. बाथरूममध्ये नेऊन पानांच्या मागून पाण्याचा झोत. मावा आणि लाल कोळी यातच निम्मे जातात. पिठ्या ढेकणाला मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस, एकेकाला टिपून. खवल्यांना जुना टूथब्रश. त्यावरही राहिलेच तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, साबणाचे दोन थेंब, आधी एका पानावर टेस्ट, आणि संध्याकाळी. मात्र फुलं-पानं पूजेला किंवा खायला लागतात तिथे नुसतं पाणी आणि हातच बरे.

हे सगळं दर आठवड्याला, किमान महिनाभर. कारण आज मोठे मेले तरी अंडी शिल्लक असतात, त्यातून पुढच्या आठवड्यात नवी बॅच येते. "एकदा मारलं, उपयोग नाही झाला" म्हणणारे बहुतेक जण इथेच सोडून देतात. नवीन झाड आणलं की दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा. टेस्टिंगशिवाय रिलीज नाही, हा नियम आपल्याला शिकवायला नको!

आणि महिनाभराने झाड हरलंच, तर सरळ पिशवीत बांधून टाकून द्या. मनी प्लांटची एक फांदी कुणीही देतं. पुढच्या वेळी ग्रुपवर फोटो आला तर औषध सुचवायच्या आधी एवढंच विचारा: "पानाच्या मागचा फोटो आहे का?"