झाडपाल्याच्या नावानं चांगभलं

बडोद्याची वाडी म्हणजे जुन्या शहरातला भाग. गायकवाडांच्या काळापासून इथे मराठी घरं आहेत. भाजीवाल्याशी गुजराती, घरात मराठी. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे इथल्या घरांत चार-पाच पिढ्या वाचता येतंय. पण वाचता येणं वेगळं आणि वाचलेल्यावर शंका घेता येणं वेगळं!

माझी मावशी वाडीत राहते. तिचे यजमान, आमचे काका, पेन्शनर, रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे. त्यांनी मोबाईलवर जाहिरात बघून मधुमेह 'मुळापासून' घालवणारं चूर्ण मागवलं. किंमत साडेचार हजार. वर फोनवरच्या 'वैद्यां'नी सांगितलं, डॉक्टरच्या गोळ्या बंद करा, नाहीतर चूर्णाचा गुण येणार नाही. महिन्याभरात साखर एवढी चढली की काकांना इस्पितळात न्यावं लागलं. वैद्यांचा फोन तेव्हापासून बंद.

हे कुणाला सांगितलं की लगेच उत्तर येतं, "आयुर्वेदाची बदनामी करू नका." अहो, बदनामी करतंय कोण? रोग्याची नाडीसुद्धा न बघता सगळ्या देशाला एकच डबा पाठवतो, त्याला तुम्ही आयुर्वेद म्हणता?

"नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?" हा दुसरा लाडका युक्तिवाद. शिसं, पारा, आर्सेनिक हेही निसर्गातलेच. इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासली, त्याचा निष्कर्ष २००८ साली छापून आला. भारतात बनलेली होती, अमेरिकेत बनलेलीही होती. साधारण पाचातल्या एका औषधात या तिघांपैकी काहीतरी सापडलं. धोतराही नैसर्गिकच आहे. खाऊन बघता?

आता कायद्याचं. सरकारी कारकून असल्यामुळे ही खोड जात नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, पक्षाघात, लठ्ठपणा, एवढंच काय, उंची वाढवणं... यांवर औषध म्हणून जाहिरातच करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात पतंजलीसारख्या बड्या कंपनीलाही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल वर्तमानपत्रांत जाहीर माफी मागावी लागली. पण पतंजलीला पत्ता आहे, नोटीस पोचते. मोबाईलवरच्या चूर्णवाल्याला नोटीस कुठे पाठवणार? म्हणून पहिली चौकी आपल्यालाच बसवावी लागते.

ती अवघड नाही. डब्यावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत आहे का बघा. नुसता खाद्यपदार्थांचा चौदा आकडी परवाना असेल तर ते औषधच नव्हे, रोग बरा करण्याचा दावा त्याला करता येत नाही. एकाच डब्यात मधुमेह, सांधेदुखी आणि टक्कल, तर सरळ पुढे चला. 'फक्त दहा मिनिटं सवलत' म्हणून घड्याळ धावत असेल तर समजा, तुम्हाला विचार करू द्यायचा नाहीये. नामवंत डॉक्टर किंवा नट बोलताना दिसला तरी हुरळू नका, हल्ली चेहरा आणि आवाज दोन्ही बनवता येतात. आणि चालू गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच कळवा, ग्राहक म्हणून तक्रार १९१५ वर. लाज कसली? लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी. आपण गप्प बसतो, हेच तर त्याचं भांडवल.

राहता राहिले आपले कौटुंबिक ग्रुप, गोव्यातले काय नि बडोद्यातले काय. सकाळी देवाचा फोटो, दुपारी कारल्याचा चमत्कार. पुढे ढकलणाऱ्याला पैसा मिळत नाही, हे मान्य. पण चूर्णवाल्याचा फुकटातला एजंट तोच. कुणाच्या तरी काकांच्या गोळ्या त्या एका बोटामुळे बंद होतात. पुढच्या वेळी ते बोट उचलण्याआधी ग्रुपवरच विचारा, "परवाना क्रमांक काय?" चार जण रागावतील. रागावू देत!